अंगणात काट्या

गोंडपिपरीत माझं चिकन सेंटर आहे. सकाळी शटर उघडलं की पहिलं काम कोंबड्या कापायचं. आणि असा मी तुम्हाला पाखरं वाचवणाऱ्या बाईबद्दल सांगणार. हसा खुशाल. यमुनाबाई स्वतःच हसायच्या. "सलीमभाऊ, आपलं कुंपन एक, आन धंदे पाहा दोघाईचे," असं म्हणायच्या, आणि त्याला लगेच जोडून, "थकली बाप्पा मी."

हे "थकली मी" त्यांच्या तोंडात इतकं बसलं होतं की नळावर बादली भरली तरी थकली, टीव्हीवर बातम्या लागल्या तरी थकली, लेकाचा फोन येऊन गेला तरी थकली. पण बाई बसलेल्या मात्र मी कधी पाहिल्या नाहीत. एक हात कमरेवर, दुसऱ्यात झाडू नाहीतर खुरपं, आणि चालू. मी म्हणायचो, "बाई, थकले तं बसा ना जरा." त्यावर, "बसली तं उठवनार कोन मले? तुमी?" असं विचारायच्या.

सगळी नोकरी त्यांची अहेरीकडच्या भागात, मुलींच्या वसतिगृहात गेली. अधीक्षिका होत्या. आतल्या गावांतून आलेल्या लहान लहान मुली, आई आठवली की पळून जाणाऱ्या, ताप लपवणाऱ्या, मोहाच्या दिवसांत मोहाची फुलं वेचायला म्हणून गुपचूप घराची वाट धरणाऱ्या. त्या सगळ्यांना सांभाळायचं. बाईंना एकाच गोष्टीचा गर्व होता. "माह्या हाताखालून एकबी पोरगी हरवली नाई. बाकी काय केलं असन नसन, हे केलं." हे सांगताना आवाज चढायचा नाही. उलट ओझं उचलून दाखवावं तसं त्या सांगायच्या. रिटायर झाल्यावर नवऱ्याबरोबर इथे गोंडपिपरीत घर बांधलं, ते माझ्या दुकानाला लागून. दुकानामागेच माझं घर, त्यामुळे दिवसभर कुंपणावरून बोलणं चालायचं.

नवरा म्हणजे पांडुभाऊ. लाकडाच्या डेपोत होते. बोलणं कमी, जेवण जास्त, मन एकदम साफ. ते गोंड, बाईही गोंड. त्यांच्यात प्रत्येक कुळाचं एखादं झाड, एखादं जनावर, एखादं पाखरू राखलेलं असतं. त्याला मारायचं नाही, त्याच्यावर दगड उचलायचा नाही. कोणाचा कोणता ते कुळाकुळावर. पांडुभाऊंच्या घरचा पक्षी शिकरा. राखाडी पाठीचा, लाल डोळ्यांचा, कबुतराएवढा शिकारी. समोरच्या कडुनिंबावर शिकरा येऊन बसला की पांडुभाऊ चपला काढायचे आणि हात जोडून म्हणायचे, "जोहार." मी दुकानातून ओरडायचो, "काय भाऊ, साहेब आले का इन्स्पेक्शनले?" ते शांतपणे म्हणायचे, "तुमच्या कोंबड्याईवर नजर हाये त्याची. जपून राहा." इतका मोठा विनोद त्यांनी आयुष्यात दुसरा केला नसेल.

पांडुभाऊ गेले ते एकदम. छातीत दुखलं, चंद्रपूरला नेता नेता रस्त्यातच संपले. दिवस झाले, पाहुणे गेले, लेक विनोद चंद्रपूरला नोकरीवर गेला, आणि बाई त्या घरात एकट्या राहिल्या. विनोद चल म्हणत होता. बाई म्हणाल्या, "तिकडं फ्लॅटात मी काय करू? भिंतीले पानी घालू?"

एकट्या माणसाचा स्वयंपाक म्हणजे काय, तर एक मूठ तांदूळ. पण बाईंचा हात वसतिगृहाचा. तांदूळ निवडायला घेतले की सूपभर निवडायच्या. त्यातली कनकी, म्हणजे तुटका तांदूळ, उरायची. एक दिवस त्यांनी ती अंगणात फेकली. चिमण्या आल्या. दुसऱ्या दिवशी मुठीने फेकली. मग बुलबुल आले, मुनिया आल्या, सातभाईंची टोळी आली आणि त्यांनी एकच कालवा केला. बाईंनी खापरात पाणी ठेवलं. महिन्याभरात सकाळी त्यांच्या अंगणात इतकी पाखरं उतरायला लागली की गिऱ्हाईकं कोंबडी कापेपर्यंत तिकडे पाहत उभी राहायची.

बाईंना पाखरांची नावं फारशी माहीत नव्हती. त्यांनी आपलीच ठेवली होती. एक बुलबुल सगळ्यांच्या अंगावर धावून जायचा, तो मॉनिटर. सातभाई म्हणजे "मेसमध्ये भांडनाऱ्या पोरी". एक चिमणी एका पायाने लंगडायची, ती सगळ्यांच्या शेवटी यायची. तिचं नाव लता. कोणी लता म्हणून मुलगी असेल वसतिगृहात, मी विचारलं नाही. लता येऊन खाऊन जाईपर्यंत बाई उंबऱ्यातून हलायच्या नाहीत. "सगळ्या आल्या का पाहू द्या," म्हणायच्या. मी म्हणायचो, "बाई, हजेरी घेऊन राह्यले का?" त्या म्हणायच्या, "सवय कुठी सुटते, भाऊ?"

पण बाईंची दुसरीही एक सवय होती, आणि तिनेच घात केला. त्यांना अंगण स्वच्छ लागायचं. आमच्याकडे बाईमाणसाची किंमत अंगणावरून करतात, आणि त्यात यमुनाबाई पहिल्या नंबरच्या. सडा, सारवण, रांगोळी. एक पान पडलेलं चालायचं नाही. पाखरांचा पसारा वाढला तसं त्यांना वाटलं, या पोरींना नीट जागा हवी. त्यांनी कडेची घाणेरीची झुडपं तोडली, मेंदीचं कुंपण गुडघ्याएवढं छाटलं, पेरूच्या खालच्या फांद्या उतरवल्या. सगळं मोकळं झालं. "आता दिसते कशी एकेक," म्हणून खूश झाल्या.

दिसत होती खरी. त्यांनाही आणि निंबावर बसणाऱ्यालाही.

त्या सकाळी मी सुरी घासत होतो. एकदम सगळा किलबिलाट थांबला. मान वर केली तोवर राखाडी काहीतरी जमिनीलगत सरकन गेलं, आणि बाईंच्या अंगणात थोडी पिसं तेवढी उरली. पाखरं उडाली, पण लपायला होतं काय? भिंत, तार आणि उघडं सारवण. शिकरा निंबावर जाऊन बसला, पायाखाली चिमणी घेऊन. बाई उंबऱ्यात उभ्या. हातातलं कनकीचं सूप तसंच. मी कुंपणाशी गेलो. त्या म्हणाल्या, "लता होती, भाऊ."

चिमणीसाठी रडणारं माणूस मी पाहिलं नव्हतं. माझा तर धंदाच तो. पण बाईंच्या तोंडाकडे पाहून मी सुरी मागे लपवली, खरं सांगतो.

मग रोजच सुरू झालं. कधी सकाळी, कधी दुपारी, शिकरा यायचा आणि एखादं उचलायचा. बाई हाकलायला धावायच्या, पण हात वर करायच्या आणि तिथेच थांबायच्या. मी वैतागून म्हटलं, "बाई, माह्याकडे गुलेल हाये. एक दगड मारतो, मारायचा नाई, नुसता भेवाडतो. पुन्हा येनार नाई." त्या माझ्यावरच चिडल्या. "खबरदार! त्याईच्या घरचा हाये तो."

"तुमच्या माहेरचा तं नाई ना?"

"माहेरी असती तं मीच हानला असता दगड. पन लगन झालं, मी सासरच्या देवात आली. आता तो माह्याबी घरचा." मग निंबाकडे पाहून हळूच म्हणाल्या, "आन जेवायच्या टायमावर बरोबर येते. अगदी त्याईच्यावानी." बोलताना त्यांना हसू आलं, आणि मग तेही थकून गेलं.

त्यांचा कोंडमारा मला तेव्हा कळला. अंगणात आलेल्या पाखरांना आपणच दाणे टाकून बोलावलेलं, म्हणजे ती आपल्या जबाबदारीची. आणि त्यांना मारणारा नवऱ्याच्या कुळाचा, त्याच्यावर हात उचलायचा नाही. मध्ये एकटी बाई. झोप उडाली होती त्यांची. डोळ्यांखाली काळं आलं.

एक दिवस दुकानावर आल्या. बाई महिन्यातून एखादवेळी चिकन न्यायच्या, म्हणून मी विचारलं, "अर्धा किलो?" त्या म्हणाल्या, "नाई. कलेजी द्या थोडी. आन मानीचे तुकडे."

"पाहुने हायेत का?"

"हाव. पाहुनाच समजा."

पाहुणा कोण ते मला लगेच कळलं, आणि हसू आवरेना. बाईंनी डोळे वटारले. त्यांचा हिशोब असा, की आपल्या घरचा माणूस भुकेला आहे म्हणून चोरी करतो. त्याला पोटभर वाढलं तर कशाला करेल? मी म्हटलं, "बाई, तो जितं पकडून खाते. मेलेलं नाई शिवनार." त्या म्हणाल्या, "तुमी कापता म्हनून तुमाले सगळं समजते का?" आणि कलेजी घेऊन गेल्या.

पेरूच्या खोडाच्या बेचक्यात पत्रावळीत कलेजी ठेवली. शिकऱ्याने ढुंकून पाहिलं नाही. पण अर्ध्या मोहल्ल्याच्या मांजरी आल्या. त्यांच्या मागे कावळे आले. कावळ्यांनी कलेजी संपवली आणि वरून बुलबुलाच्या घरट्यातली अंडीही पाहून ठेवली. दोन दिवसांत अंडी गायब. बाईंनी पत्रावळ उचलली, खोड धुतलं आणि मला म्हणाल्या, "हसा आता." मी हसलो नाही. त्या दिवशी त्यांनी "थकली" असंही म्हटलं नाही. ते न म्हणणंच मला जास्त जड गेलं.

मग त्यांनी ते केलं, जे बाईंच्या हातून होईल असं कोणालाच वाटलं नसतं. नाल्याकडून बोरीच्या आणि बाभळीच्या काट्या, म्हणजे काटेरी फांद्या, आणवल्या आणि आपल्या त्या आरशासारख्या अंगणात ढीग घातले. एक पेरूखाली, एक पाण्याच्या खापराशी, एक अगदी दारासमोर. लहान पाखराला आत शिरता येईल आणि मोठ्याला येणार नाही, अशी दाट रचना. कनकी त्या काट्यांच्या आत टाकायच्या. सडा बंद, सारवण बंद, रांगोळी बंद.

आता आमच्याकडे अंगणात काट्या कधी दिसतात, तर घर सोडून जाताना. माणसं मिरची तोडायला तेलंगणात जातात, तेव्हा दारासमोर काट्या ओढून जातात, जनावरं शिरू नयेत म्हणून. काट्या म्हणजे घरात कोणी नाही. त्यामुळे मोठी गंमत झाली. पोस्टमन बाईंचं पत्र माझ्याकडे देऊन म्हणाला, "बाई लेकाकडे गेल्या वाटते." भाजीवाली हाक न मारता पुढे जायला लागली. बाई आतून ओरडायच्या, "अवं, हाये ना मी जिती!" भेटायला आलेल्या दोघीजणी काट्या पाहून परत गेल्या आणि गावभर सांगत सुटल्या की यमुनाबाईंचं डोकं फिरलं, नवरा गेल्याचं दुःख बाहेर आलं.

ही बातमी चंद्रपूरला पोचली आणि विनोद आला. चांगला मुलगा, आईवर जीव. पण काट्या पाहून त्याचं डोकं तापलं. "आई, लोक काय म्हनून राह्यले माहीत हाये का? आन तू पडली बिडली त्याच्यात तं?"

बाई म्हणाल्या, "म्हनू दे लोकाईले. पाखरं जितीच हायेत ना?"

ती जिवंत होती, हे खरंच. शिकरा यायचा, पाखरं भुर्रकन काट्यांत घुसायची आणि आतून चिवचिव करून त्याला शिव्या घालायची. तो वर बसून पाहायचा आणि निघून जायचा. फक्त आता बाईंनाही पाखरं दिसत नव्हती. काट्यांच्या ढिगाकडे कान लावून बसायच्या. हो, बसायच्या. मोडा, म्हणजे बुटकं स्टूल, टाकून त्या बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या. विनोदने मला बाजूला घेतलं. म्हणाला, "सलीमकाका, मी तिले घेऊन जातो. तुमी समजवा." मी समजावलं नाही. मला वाटलं, जमलं तर आहे आता बाईंचं.

कुठलं जमतं? विनोद परत गेला त्याच आठवड्यात एका दुपारी बाईंच्या अंगणातून असा फडफडाट आला की मी कापलेलं तसंच टाकून धावलो. शिकऱ्याने झेप घेतली होती आणि पेरूखालच्या ढिगात अडकला होता. एक पंख बोरीच्या काट्यांत रुतलेला, डोळे लाल, चोच उघडी. जितका झटके मारत होता तितका आत जात होता. आणि त्याच ढिगात, त्याच्यापासून वीतभर अंतरावर, लहान पाखरं. ती ओरडत नव्हती. चिडीचूप.

मी म्हटलं, "बाई, हात लावू नका. आपोआप जाईन तो." आपोआप म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. संध्याकाळपर्यंत मेला असता. कोणी दगड मारला नसता, कोणाला दोष लागला नसता, आणि पाखरं सुटली असती.

बाईंनी पदर खोचला. मग खाली बसल्या आणि दोन्ही हात त्या काट्यांत घातले. मी ओरडत राहिलो, "थांबा, मी कैची आनतो, हातमोजे आनतो," पण त्यांनी ऐकलं नाही. एकेक काटी बाजूला करत गेल्या. तो चोच मारत होता, नख्या रोवत होता. बाईंच्या मनगटांवरून रक्त वाहायला लागलं. तोंडाने मात्र पुटपुटणं चालू होतं, "हाव हाव, झालं, झालं, हालू नको ना लेका, झालं." शेवटची काटी निघाली तसा तो उसळला, बाईंच्या खांद्याला पंख घासून गेला आणि निंबावर जाऊन बसला. पिसं साफ करत. नवल म्हणजे पळूनसुद्धा गेला नाही.

मी त्यांना आत नेलं, हात धुतले, डेटॉल लावलं. नंतर सरकारी दवाखान्यात नेऊन दोन्ही हातांना पट्ट्या बांधून आणल्या. येताना माझा राग निघालाच. "उद्या तो पुन्हा येईन, बाई. पुन्हा घालीन झडप. कायले सोडला?"

"माह्या काट्यात अडकला ना तो. मी लावल्या काट्या."

"आन ती पाखरं?"

"त्याईलेबी मीच बोलावलं." घराशी आल्यावर म्हणाल्या, "दोघाईले बोलावनारी मीच हावो, भाऊ. मी दाने टाकते म्हनून ती येतेत, ती येतेत म्हनून तो येते. मीच हे ताट मांडून ठेवलं." आवाजात रडणं नव्हतं. खूप दिवस टाळलेलं एखादं काम शेवटी करायला घ्यावं, तसा तो आवाज होता. "उद्यापासून कनकी बंद."

मी म्हटलं, "मग तुमी काय करान?"

त्या म्हणाल्या, "काय करनार? इनोदले फोन लावून द्या. माह्या हातानं दाबल्या जात नाई ते."

मी फोन लावून दिला. विनोद गाडी घेऊन आला त्या दिवशी मी माल आणायला गेलो होतो, त्यामुळे निरोप देणं राहून गेलं. पुढे वर्षभराने चंद्रपूरलाच बाई वारल्या, त्याची खबर विनोदनेच दिली. म्हणून मी बाईंना शेवटचं पाहिलं ते विनोद न्यायला आला त्याच्या आदल्या सकाळी.

मी शटर उघडत होतो. दोनतीन दिवस कनकी पडली नव्हती, तरी पाखरं आलेली होती. तारेवर, कुंपणावर, काट्यांवर, खिडकीच्या गजांवर. मॉनिटर दारावर चोच आपटत होता. दार उघडलं आणि बाई बाहेर आल्या. दोन्ही हात पट्ट्यांत गुंडाळलेले, रिकामे. सगळी पाखरं भर्रकन खाली उतरली, त्यांच्या पायांभोवती, उघड्यावर. बाई घाबरून निंबाकडे पाहायला लागल्या.

"अवं जा ना," त्या म्हणाल्या. "सुट्टी लागली. जा आता आपापल्या गावाले."

पाखरं जाईनात. बाईंनी त्यांना हाकलायला टाळ्या वाजवल्या. पण हातांना जाड पट्ट्या, आवाजच होईना. पुन्हा वाजवल्या, पुन्हा वाजवल्या. पाखरं माना वाकड्या करून त्यांच्याकडे पाहत राहिली. तेव्हा बाईंनी माझ्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला हात कामाचे नव्हते.

"सलीमभाऊ," त्या म्हणाल्या, "तुमी उडवा."

मी अर्धं उघडलेलं शटर धाडकन खाली पाडलं. सगळीच्या सगळी पाखरं उडून गेली. बाईंनी मान हलवली, आत गेल्या आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी दुकान उघडायला मला बराच उशीर झाला.